गोव्याचा परदेशी पाहुणा कोठे गेला?

नाशिकच्या द्वारका चौकात डिसेंबरमधील कोणत्याही सायंकाळी उभे राहावे. गोव्याचे पर्यटन संकटात आहे, या वार्तेवर विश्वास बसणे कठीण जाईल. मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता जेथे येऊन मिळतो, तेथील त्या अखंड कोलाहलात, उड्डाणपुलाच्या आडोशाला, पाठीवर सॅक अडकवलेली तरुण मंडळी गोव्याकडे जाणाऱ्या खासगी बसची वाट पाहत थांबलेली असतात. कोणी बँकेत कारकून, कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यात नोकरीला, कोणी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला. शनिवार-रविवारला जोडून घेतलेली एक रजा, दोन रात्रींचा मुक्काम आणि परतीचे तिकीट, एवढा त्यांचा बेत असतो. ज्या गावी जाण्यासाठी नाशिकसारख्या शहरातून अशी रीघ लागते, ते गाव ओस पडले आहे असे म्हणणाऱ्याला वेड्यात काढले जाईल.

आणि तरीही ही वार्ता सर्वस्वी खोटी नाही. गोवा सरकारच्या पर्यटन खात्याच्याच आकडेवारीनुसार २०१९ मध्ये गोव्यात सुमारे ९ लाख ३७ हजार परदेशी प्रवासी आले होते. २०२४ मध्ये ही संख्या सुमारे ४ लाख ६७ हजार होती, म्हणजे बरोबर निम्मी. २०२५ मध्ये ती पाच लाखांच्या किंचित पुढे गेली, असे सरकार सांगते. याच अवधीत देशी प्रवाशांची संख्या ७१ लाखांवरून ९९ लाखांवर पोहोचली. एकेकाळी गोव्यात येणाऱ्या शंभर पाहुण्यांत अकरा-बारा परदेशी असत, ते आता चार-पाच उरले आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एका उद्योजकाने समाजमाध्यमावर यासंबंधी एक तक्ता प्रसिद्ध केला, तेव्हा पर्यटन खात्याने त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. तक्त्यातील आकडे चुकीचे आहेत, असे खात्याचे म्हणणे होते. ते ग्राह्य धरले तरी आकड्याला आकड्याने उत्तर देण्याऐवजी पोलीस चौकी गाठावी, यातच खात्याचे मर्म कोठे दुखावले हे दिसून आले.

येथे एक शंका उपस्थित होईल. कोरोनाच्या साथीने साऱ्या जगाचे पर्यटन मोडून पडले, मग एकट्या गोव्याला दोष का द्यावा? परंतु हा युक्तिवाद टिकत नाही. संपूर्ण भारतात २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी प्रवासी आले होते; २०२४ मध्ये ते ९९ लाखांच्या पुढे होते. देशाची तूट जवळजवळ भरून आली. गोव्याची भरली नाही. अर्थात देशाच्या आकड्यात बांगलादेशातून उपचारासाठी येणारे रुग्ण आहेत आणि परदेशी नागरिकत्व घेतलेले, पण लग्नकार्याला मायदेशी येणारे आपलेच आप्तही आहेत. ही मंडळी हणजूणच्या किनाऱ्यावर पहुडायला जात नाहीत. म्हणजेच भारतात येणारा परदेशी आणि गोव्यात येणारा परदेशी हे दोन निराळे प्राणी आहेत, आणि शोध घ्यायचा आहे तो दुसऱ्याचा.

हा दुसरा प्राणी गोव्यात आला तो सरकारच्या निमंत्रणावरून नव्हे. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून खुष्कीच्या मार्गाने तुर्कस्थान, इराण, अफगाणिस्तान ओलांडत हिप्पी आले आणि हणजूण, वागातोर, कळंगुट येथे कोळ्यांच्या व रेंदेरांच्या घरांत खोल्या घेऊन राहिले. त्यांच्या नग्नतेवर आणि चरस-गांजावर त्या काळी मराठी वृत्तपत्रांनी भरपूर शाई खर्च केली, आणि ती अगदीच अनाठायी होती असे नाही. पण त्यांनी नारळीच्या झावळ्यांखाली बसून मासे-भात खाण्यासाठी दिलेला पैसा थेट घरधनिणीच्या हाती पडत होता, हेही तितकेच खरे. १९७४ मध्ये आग्वाद किल्ल्याच्या परिसरात पंचतारांकित हॉटेल उभे राहिले. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुलाच्या शासनप्रमुखांचा विश्रांतीचा मेळा येथे भरला आणि गोव्याचे नाव जगभर झाले. पुढे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात चार्टर विमाने उतरू लागली. त्या वेळी गोव्यातील काही जागरूक मंडळींनी जर्मन प्रवाशांवर शेण फेकून निषेध नोंदवला होता. आमचे पाणी, आमची किनारपट्टी आणि आमची संस्कृती यांची किंमत देऊन हे पर्यटन नको, असा त्यांचा आग्रह होता. परदेशी पाहुणा का येत नाही म्हणून आज चिंता करणाऱ्या गोव्याने, तो का येतो म्हणून एकदा चिंता केली होती, हे विसरता येत नाही.

चार्टर हा शब्द आपण सहज वापरतो. त्याचा व्यवहार मात्र समजून घेतला पाहिजे, कारण गोव्याच्या दुखण्याचे मूळ बऱ्याच अंशी तेथेच आहे. परदेशातील प्रवासी कंपनी हंगामासाठी विमान भाड्याने घेते, हॉटेलातील खोल्या कित्येक महिने आधी घाऊक दराने राखून ठेवते आणि विमान, खोली व न्याहरी यांची एकत्र मोट बांधून मँचेस्टरच्या किंवा मॉस्कोच्या गिऱ्हाइकाला दोन आठवड्यांची सहल विकते. गिऱ्हाईक गोवा निवडतो असे नव्हे. बहुधा तो ऊन, समुद्र आणि परवडणारी किंमत निवडतो, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात जे नाव असेल तेथे जातो. त्यामुळे कंपनी बुडाली की किनारा बुडतो. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये, हंगाम तोंडावर आला असताना, ब्रिटनची थॉमस कुक ही पावणेदोनशे वर्षांची कंपनी कोसळली. तिच्यावर विसंबलेल्या हॉटेलवाल्यांना नवा आधार शोधायलाही सवड मिळाली नाही. सहा महिन्यांत साथ आली. रशियन प्रवासी त्याआधीच, २०१४ मध्ये रूबलची घसरण झाली तेव्हा, रोडावले होते. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, रशियन बँकांची व्हिसा-मास्टरकार्डची कार्डे परदेशात चालेनाशी झाली, आणि मोरजी-आश्व्याच्या ज्या उपाहारगृहांच्या पाट्या रशियन लिपीत रंगवलेल्या होत्या त्यांचे यजमान चिंतेत पडले. इस्राएली तरुण लष्करी सेवा संपवून हिंडायला बाहेर पडत. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर त्या वाटेवरही युद्धाची छाया पडली. यांपैकी एकही गोष्ट पर्वरीतील सचिवालयाच्या हातातली नव्हती.

मात्र तोच रशियन आज घरी बसलेला नाही. तो थायलंडमध्ये आहे, श्रीलंकेत आहे. श्रीलंका २०२२ मध्ये दिवाळखोर झाली, पेट्रोलसाठी तेथे रांगा लागल्या. त्याच देशात २०२४ मध्ये २० लाखांवर परदेशी प्रवासी आले. थायलंडने २०२४ मध्ये ९३ देशांच्या नागरिकांना ६० दिवसांपर्यंत व्हिसाविना राहण्याची मुभा दिली आणि त्या वर्षी साडेतीन कोटी पाहुणे घेतले. व्हिएतनामने २०२३ पासून ९० दिवसांचा इलेक्ट्रॉनिक व्हिसा देऊ केला. तेथे पावणेदोन कोटी लोक आले. आपण काय केले? साथीनंतर भारताने आपली दारे उघडली, तेव्हा गोव्याचा जुना आणि निष्ठावंत पाहुणा असलेल्या ब्रिटिश नागरिकाला इलेक्ट्रॉनिक व्हिसा पुन्हा मिळू लागला तो २०२२ च्या डिसेंबरात, म्हणजे त्या हंगामाची सुरुवात हातची निघून गेल्यावर. यामागे दोन सरकारांतील रुसवेफुगवे होते. दिल्लीच्या दृष्टीने तो परराष्ट्रनीतीचा प्रश्न असेल. कांदोळीतल्या खोलीवाल्याच्या दृष्टीने तो वर्षाच्या मिळकतीचा प्रश्न होता. याआधीही असेच घडले होते. मुंबईवरील हल्ल्यानंतर २००९ च्या अखेरीस, एकदा भारत सोडल्यावर पर्यटकाने दोन महिने परत येऊ नये, असा नियम झाला. त्याचा फटका कोणाला बसला? हिवाळाभर गोव्यात राहून अधूनमधून श्रीलंकेला किंवा नेपाळला फेरी मारणाऱ्या निवृत्त वृद्धांना. नियम २०१२ मध्ये सैल झाला. दरम्यान तुटलेली माणसे सगळीच परत आली असतील असे वाटत नाही.

आता घरच्या दोषांकडे वळू. विमानतळावर उतरलेल्या परक्या माणसाला पहिले दर्शन घडते ते टॅक्सीचे. साऱ्या देशात रूढ झालेल्या मोबाइलवरील टॅक्सीसेवांना गोव्यातील टॅक्सीचालकांच्या संघटनांनी पाय रोवू दिला नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या गोवा माइल्स या स्थानिक सेवेशीही त्यांचे खटके उडत राहिले. मीटरचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. चालकांची बाजू अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. शेती सुटली, खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद पडल्या, कर्ज काढून गाडी घेतली आणि वर्षातले सहा महिनेच धंदा. अशा माणसाला दूरच्या कंपनीने दर ठरवून द्यावा हे रुचणार नाही. परंतु २०२३ च्या जानेवारीत मोपा येथील नवा विमानतळ सुरू झाल्यापासून अंतरे वाढली आहेत. मोपा राज्याच्या उत्तर टोकाला, काणकोणचे पाळोळे दक्षिण टोकाला. तेवढ्या प्रवासाचे भाडे ऐकल्यावर व्हिएतनाममध्ये दिवसभराचा खर्च कितीत भागतो, याचा हिशेब पाहुणा मनातल्या मनात करू लागला तर त्याला कृपण म्हणता येणार नाही.

सुरक्षिततेविषयी बोलताना जिभेवर संयम हवा. कारण एका घटनेवरून साऱ्या प्रदेशाला बदनाम करणे सोपे असते. पण २००८ मध्ये हणजूणला एका ब्रिटिश शाळकरी मुलीचा मृतदेह सापडला आणि त्या प्रकरणात उच्च न्यायालयात दोषसिद्धी व्हायला २०१९ साल उजाडले, ही गोष्ट ब्रिटनमधील वाचक विसरले नाहीत. २०२५ च्या डिसेंबरात हडफडे येथील एका नाइटक्लबला आग लागून २५ माणसे प्राणास मुकली. मृतांत बहुसंख्य तेथे राबणारे कामगार होते. परवाने, बांधकाम, बाहेर पडण्याच्या वाटा यांविषयीचे प्रश्न नेहमीप्रमाणे प्रेते उचलल्यानंतर विचारले गेले.

तरीसुद्धा माझ्या मते सर्वांत प्रभावी कारण याहून साधे आहे, आणि त्यात आपण द्वारका चौकातली मंडळीही सामील आहोत. साथीच्या काळात परदेशी येणे थांबले तेव्हा गोव्याच्या हॉटेलांना देशी गिऱ्हाइकाने तारले. लग्ने, कंपन्यांची संमेलने, वाढदिवस, नववर्ष, सारे गोव्यात होऊ लागले. चार्टर कंपनी वर्षभर आधी घासाघीस करून खोली घेई. दिल्लीचे वऱ्हाड त्याच खोलीला कितीतरी अधिक दर देते. मग हॉटेलवाल्याने घाऊक करार कशाला करावा? परदेशी पाहुणा निघून गेला असे आपण म्हणतो. पुष्कळ ठिकाणी त्याची खोली दुसऱ्याला दिली गेली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. त्यातून किनाऱ्याचा स्वभावही बदलला. पुस्तक घेऊन दिवसभर उन्हात पडणाऱ्याला शांतता लागते. तीन दिवसांत आयुष्याची मौज उरकू पाहणाऱ्याला गाणे मोठ्याने लागते. २०१९ मध्ये गोव्याने किनाऱ्यावर उघड्यावर मद्यपान व स्वयंपाक करण्यास दंड ठरवला. २०२५ मध्ये उपद्रवाबद्दलचा दंड लाखापर्यंत नेला. बाटल्यांच्या काचा वाळूत रुतलेल्या असतात त्या सगळ्या परदेशी पायांनी आणलेल्या नाहीत, एवढे कबूल करायला हरकत नसावी. परदेशी स्त्रीबरोबर छायाचित्र काढून घेण्यासाठी तिच्याभोवती घोळका करण्याची आपल्या तरुणांची हौस, हा आणखी एक भाग. तिला त्यात आदर दिसत नाही.

मग परदेशी गेला म्हणून बिघडले काय, देशी पाहुणा पैसे देतोच की, असे विचारले जाते. गोऱ्या कातडीचे आकर्षण म्हणून हळहळणाऱ्यांशी माझे देणेघेणे नाही. पण पाहुणे मोजताना आपण डोकी मोजतो, रात्री मोजत नाही. चौदा रात्री राहणारा एक माणूस आणि दोन रात्री राहणारी सात माणसे यांच्या मुक्कामाची बेरीज सारखीच. परंतु सात जणांना सात वेळा रस्ता लागतो, गाडी लागते, आणि प्रत्येकामागे कचरा उरतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती. तेथे वर्षाला एक कोटीहून अधिक पाहुणे येतात आणि त्यांतील बहुसंख्य शुक्रवार ते रविवार एवढ्याच अवधीत किनारपट्टीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर कोसळतात. महिना-दोन महिने राहणारा पाहुणा गावातल्या बाईकडे खोली घेई, तिच्याच शेजारच्या पोराची दुचाकी भाड्याने घेई, त्याच शॅकमध्ये रोज जेवे. तो आटल्यावर ती खोली एक तर रिकामी राहते, नाही तर पाडून तेथे बाहेरच्या धनिकासाठी सदनिका उभी राहते. हणजूण, आसगाव, शिवोलीच्या जमिनींचे भाव स्थानिक तरुणाच्या आवाक्यापलीकडे का गेले, याचे उत्तर याच बदलात आहे.

हा गोव्याचाच प्रश्न आहे असे समजण्याचे कारण नाही. तेरेखोलची खाडी ओलांडली की महाराष्ट्र लागतो. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. २०२१ च्या ऑक्टोबरात चिपीला विमानतळ झाला. शिरोडा-वेळागर येथील तारांकित प्रकल्पाची जमीन नव्वदच्या दशकापासून वादात अडकून पडली. मालवण-तारकर्लीला आज जी माणसे घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन संसार चालवतात, त्यांची स्थिती कळंगुटच्या १९७५ मधल्या घरधनिणीसारखी आहे. गोव्याकडे जाणारी गर्दी आता त्यांच्याकडेही वळू लागली आहे. तिथल्या ग्रामपंचायतींना खोल्यांची नोंद, सांडपाणी, कचरा आणि वाहनतळ यांची व्यवस्था लावायला अजून थोडा अवधी आहे. बागा-कळंगुटच्या पंचायतींना तो मिळाला तेव्हा त्यांनी इमारतींचे परवाने दिले.