सरकत्या दाराखालची फट: फरशी वाकडी असेल तर नुसत्या ब्रशपट्टीने भागत नाही

मिरचीचा हंगाम आला आणि नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळायला पडली, की आसपासच्या वस्त्यांत दारं-खिडक्या लावूनही ठसका लागतो. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात विंचू आणि मुंग्या. ह्या सगळ्यांची वाट एकच असते, स्लायडिंग खिडकीची आणि सरकत्या दाराची फट. नवीन घरांत ॲल्युमिनियमचं स्लायडिंग आलं आणि उंबरा गेला. उंबरा जे काम करायचा ते आता कोण करणार, हे मात्र कोणी विचारलं नाही.

आम्हीही विचारलं नव्हतं. आमच्या हॉलच्या सरकत्या दाराखाली एका टोकाला जेमतेम कागद जायचा, दुसऱ्या टोकाला बोट. बाजारातून ब्रशपट्टी आणून दाराच्या तळाला चिकटवली. दोन महिन्यांत उंच बाजूचा ब्रश घासून गेला आणि सखल बाजूची फट तशीच राहिली. साधं दार फरशीप्रमाणे खालून रंधून घेता येतं. सरकत्या दाराचं तसं नाही. ते सरळ रेषेत धावतं, त्यामुळे त्याचा तळ खालीवर कापला तर बंद केल्यावर बसेल, पण उघडताना उंचवट्याला अडकेल. म्हणून दार फरशीप्रमाणे कापू नका, फरशी दाराप्रमाणे सरळ करा.

फरशी वाकडी होते ती नेहमी मिस्त्रीच्या चुकीनेच असं नाही. तापीकाठच्या शहादा, तळोदा पट्ट्यात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तडकते. पाया उथळ असेल तर वरची फरशीही तिच्याबरोबर हलते. कुठे ढाळ मुद्दाम दिलेला असतो. मस्जिदीत वुजूखान्याकडची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उतरती असते, तिथे सरकतं दार लावलं तर एका बाजूला फट राहणारच.

आधी मोजमाप. पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडे काढा आणि दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एकाच पातळीची खूण करा. दोन्ही खुणांवर घट्ट दोरी बांधा. मग वीत-वीत अंतरावर दोरीपासून फरशीपर्यंत टेपने मोजा. सगळ्यात कमी अंतर जिथे भरेल तो उंचवटा.

दार वरच्या ट्रॅकला लटकणारं असेल, तर बंद दार जिथे येतं तिथली फरशी चारेक इंच रुंद कापून काढावी. त्या जागी ग्रॅनाइट किंवा कोट्याची सलग पट्टी पाणसळ लावून, उंचवट्याच्या पातळीला बसवावी. सखल बाजूला पट्टी थोडी वर येते. तिथे कडेला उतार द्या, नाहीतर घरातले म्हातारे अडखळतील. आता दाराखाली सगळीकडे सारखी फट मिळते. ब्रश त्या फटीपेक्षा एक-दोन मिलिमीटर उंच घ्यायचा, जास्त नाही. दार खालच्या ट्रॅकवर धावत असेल तर ट्रॅकच पाचर देऊन पाणसळीत आणावा, खालची पोकळी सिमेंटने भरावी आणि कडेला सिलिकॉन मारावं. काळ्या मातीवरच्या घरात कडेला नुसतं सिमेंट भरलं तर ते पुन्हा तडकतं, सिलिकॉन थोडं ताणलं जातं.

सिलिकॉन घेताना एक बघा. स्वस्तातल्या ट्यूबला सिरक्यासारखा वास येतो. त्यातलं आम्ल चुनखडीच्या दगडाला खातं, आणि आपली शहाबादी फरशी चुनखडीचीच. दुकानदाराकडे ‘न्यूट्रल’ मागा.

खिडकीचं काम त्या मानाने सोपं. शटर तिरकं दिसत असेल तर त्याच्या खालच्या कडेला बेअरिंगचा स्क्रू असतो, तो फिरवला की कोपरा वरखाली होतो. खाचेतली मऊ पट्टी झिजली असेल तर ओढून काढून नवीन सरकवता येते. ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूची बारीक भोकं मात्र बुजवू नका. ती पावसाचं पाणी बाहेर जायला असतात. फट समजून लोक ती बंद करतात आणि मग नवापूरकडच्या पावसात पाणी सरळ घरात.

एवढा खटाटोप फक्त धुळीसाठी नाही. आपल्याकडे उन्हाळ्या-पावसाळ्यात फरशीवर अंथरूण घालून झोपायची सवय आहे, आणि मण्यार रात्रीच फिरते. तिचा चावा मुंगी चावल्यासारखा, कधी कळतसुद्धा नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात. असं झालं तर झाडफूक करण्यात वेळ घालवू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा, सापाच्या विषावरची लस तिथे मिळते. आणि जमिनीवर झोपताना मच्छरदाणी गादीखाली खोचा, दाराची फट बुजवली असली तरी.

हिवाळ्यात उलटी काळजी. सातपुड्यात डाबकडे दवबिंदू गोठतात तेव्हा खालीही थंडी पडते, आणि काही घरांत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन झोपतात. फटी होत्या तोवर धूर-वायू बाहेर जात होता. फटी बुजवलेल्या खोलीत झोपण्याआधी शेगडी बाहेर ठेवा. त्या कोळशाच्या वायूला वास नसतो, झोपेत माणसाला कळत नाही.