शितावरून भाताची परीक्षा : जपानी ॲनिमे मालिकांचा पहिला भाग

जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. हे चार महिने उजाडले की आपल्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांतून मधल्या सुट्टीत एकच चर्चा ऐकू येते. नवीन कोणती सुरू झाली? पहिला भाग पाहिलास का? कशी वाटली? हा सगळा विषय जपानी ॲनिमे मालिकांचा असतो. बऱ्याच पालकांना ॲनिमे म्हणजे 'ती डोरेमॉनची कार्टून' एवढेच ठाऊक असते, आणि पालकांचे हे अज्ञान मुलांना चांगलेच सोयीचे पडते! म्हणून हा लेख दोघांसाठी.

मुले पहिला भाग पाहून निकाल देऊन मोकळी होतात. काही दक्ष पालक मुलांशेजारी बसून पहिला भाग पाहतात आणि 'ठीक आहे, पाहा' असे म्हणून उठतात. दोघांची पद्धत एकच, शितावरून भाताची परीक्षा. भातापुरती ती बरोबर आहे, कारण पातेल्यातली सगळी शिते एकाच वेळी, एकाच आचेवर शिजलेली असतात. ॲनिमे मालिकेची शिते मात्र निरनिराळ्या वेळी शिजतात. पहिला भाग कित्येक महिने आधी सावकाश शिजवून ठेवलेला असतो. दहावा भाग कधी कधी पंगत बसल्यावर चुलीवर चढतो. हे कसे, ते समजण्यासाठी आधी हा 'हंगाम' काय प्रकार आहे ते पाहू.

दर आठवड्याला अर्ध्या तासाची ॲनिमे मालिका हा साचा जपानमध्ये रूढ केला तो ओसामु तेझुका यांच्या 'तेत्सुवान आतोमु' या मालिकेने. ती १ जानेवारी १९६३ रोजी फुजी टीव्हीवर सुरू झाली आणि १९६६ च्या अखेरपर्यंत तिचे १९३ भाग झाले. त्या काळी मालिका वर्षभर किंवा त्याहूनही अधिक चालत. 'साझाए-सान' ही एका कुटुंबाची मालिका ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाली, ती आजही दर रविवारी संध्याकाळी चालूच आहे. पालकांपैकी अनेकांनी लहानपणी दूरदर्शनवर मोगलीचे 'जंगल बुक' पाहिले असेल. त्याचे हिंदी गीत गुलजारांचे आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. ती मालिकाही मूळची जपानीच बरे का! निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीने ती १९८९ मध्ये आणली. तिचे भाग ५२, म्हणजे वर्षाचे आठवडे जितके तितके.

पुढे वर्षाचे चार तुकडे झाले. जपानी दूरचित्रवाणीत तीन महिन्यांच्या तुकड्याला 'कूर' म्हणतात. एका कूरमध्ये १२-१३ आठवडे, म्हणून आजच्या बहुतेक मालिका १२ किंवा १३ भागांच्या असतात. एकेका हंगामात चाळीस-पन्नास नव्या मालिका एकदम बाजारात येतात. प्रत्येक भाग जाहिराती वगळून साधारण २४ मिनिटांचा, त्यात सुरुवातीचे गाणे दीड मिनिट आणि शेवटचे दीड मिनिट. एवढ्या गर्दीत आपल्याकडे कोणी वळून पाहावे, यासाठी प्रत्येक मालिकेच्या हातात पहिला भागच असतो.

आता पालकांसाठी महत्त्वाचा मुद्दा. यांतल्या पुष्कळशा मालिका जपानमध्ये मध्यरात्रीनंतर दाखवल्या जातात. तिथल्या वेळापत्रकात रात्रीचा एक वाजला की '२५ वाजले' असे छापतात, म्हणजे रात्री दीडचा कार्यक्रम साडेपंचवीसला! कारण दर्शकाच्या लेखी अजून आदलाच दिवस चालू असतो. अशा वेळी पाहणारा प्रेक्षक कोण? नोकरदार तरुण आणि महाविद्यालयीन मुले. मालिकेचा पैसा बहुधा एक 'निर्मिती समिती' घालते. तिच्यात पुस्तक प्रकाशक, संगीत कंपनी, खेळणी बनवणारे असे भागीदार असतात. रात्रीची वेळही पुष्कळदा समितीच विकत घेते, कारण तिला आपली पुस्तके, गाणी आणि बाहुल्या खपवायच्या असतात. डोरेमॉन संध्याकाळचा, पाचवीतल्या मुलासाठी केलेला. मध्यरात्रीची मालिका चित्रांत रंगवलेली असली तरी ती पाचवीतल्या मुलासाठी केलेली नसते. आपल्याकडे इंटरनेटवरून मात्र दोन्ही एकाच पडद्यावर, एकाच वेळी, बहुधा दुपारी चार वाजता उघडतात.

पहिला भाग इतका देखणा का असतो? एका भागाला साधारण तीन ते पाच हजार चित्रे लागतात. मुख्य चित्रे अनुभवी कलाकार काढतात आणि त्यांच्या मधली, हालचाल जोडणारी चित्रे नवशिके काढतात. त्यांना पैसे चित्रागणिक मिळतात. एका मधल्या चित्राला दोनशे येनच्या आसपास, म्हणजे आपले शे-सव्वाशे रुपये, असा दर वर्षानुवर्षे सांगितला जातो. पहिल्या भागाच्या वेळी दिग्दर्शकाजवळ वेळ असतो, उत्तम कलाकार मोकळे असतात आणि चूक झाली तर पुन्हा काढायला सवड असते. प्रसारण सुरू झाले की दर आठवड्याला एक भाग द्यावाच लागतो. हाताशी असलेला साठा चार-सहा आठवड्यांत संपला की पुढे धावपळ. पळापळीच्या दृश्यात सुरेख हलणारी माणसे मग उभी राहूनच बोलू लागतात, नुसते ओठ हलतात.

कधी गाडी पूर्णच थांबते. 'नीअर : ऑटोमाटा' ही मालिका जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि करोनाच्या कारणाने तीन भागांनंतर थांबली. ती पूर्ण झाली जुलैमध्ये. जुलै २०२३ च्या 'झॉम १००' चा पहिला भाग तर रंगांची नुसती उधळण होता. सप्टेंबरअखेर बारापैकी नऊच भाग दाखवून झाले, उरलेले तीन नाताळात आले. जानेवारी २०२१ च्या 'वंडर एग प्रायॉरिटी'चे पहिले भाग पाहून लोक थक्क झाले होते. आठव्या आठवड्यात मागील कथेचा सारांश दाखवून वेळ मारून न्यावी लागली आणि शेवट जून महिन्यात एका वेगळ्या खास भागात उरकला. त्या शेवटाने फारच थोड्यांचे समाधान झाले. (ही मालिका विषयानेही मुलांसाठी नाही.)

उलट प्रकारही तितकाच खरा. 'माडोका मागिका' ही जानेवारी २०११ ची १२ भागांची मालिका. गोंडस मुली, गुलाबी रंग, मांजरासारखा एक बोलका प्राणी. पहिला भाग पाहून कोणतीही आई निर्धास्तपणे स्वयंपाकघरात जाईल. तिसऱ्या भागात एका प्रमुख पात्राचा अत्यंत भयंकर मृत्यू होतो आणि तिथून कथा काळोखात शिरते. ती उत्तम आहे यात वाद नाही, पण ती लहान मुलीसाठी नाही. 'निदान तीन भाग पाहिल्याशिवाय मत देऊ नये' असा एक नियम ॲनिमेप्रेमींत आहे, त्याचे उदाहरण म्हणून हीच मालिका हमखास सांगतात. पालकांनी मात्र तो नियम सावधगिरीचा म्हणून वापरावा असे मला वाटते.

तुम्हा सर्वांच्या तोंडी असलेल्या 'डीमन स्लेयर'चेच पाहा. ही मालिका एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा अनेक मालिकांपैकी एक होती. लोकांनी ती खऱ्या अर्थाने डोक्यावर घेतली ती ऑगस्टमध्ये, एकोणिसाव्या भागानंतर. पुढच्या वर्षी आलेला तिचा चित्रपट जपानच्या इतिहासात सर्वाधिक कमाई करणारा ठरला. पहिल्या शितावर कोण अडून बसले असते तर?

त्याहून जुनी गोष्ट सांगतो. १९७४ च्या ऑक्टोबरात 'अंतराळ युद्धनौका यामातो' सुरू झाली. रविवारी संध्याकाळी त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर 'आल्प्सची हायडी' चालू होती. घराघरांतून हायडीच पाहिली गेली आणि यामातो २६ भागांत गुंडाळावी लागली. १९७९ च्या 'गंडाम'चेही तसेच. ५२ भागांचा बेत ४३ वर आला. पुनःप्रसारण झाले, १९८० पासून त्यातील यंत्रमानवांचे जुळवायचे प्लॅस्टिक संच विकायला आले आणि मग जपानला वेड लागले. त्या वेळी दुसरी संधी मिळायला पुनःप्रसारणाची वाट पाहावी लागे. आता पहिल्या आठवड्यात ज्याने पाठ फिरवली तो सहसा परत येत नाही, पुढच्या हंगामाच्या पन्नास मालिका त्याची वाट पाहत असतात.

या अडचणीवर एक देखणा उपाय २०२३ मध्ये पाहायला मिळाला. 'फ्रीरेन' या मालिकेची कथा मुळातच संथ. इतर मालिका जिथे संपतात तिथे ही सुरू होते. दैत्यराजाला मारून चार वीर दहा वर्षांनी परतले आहेत. त्यांतली फ्रीरेन हजाराहून अधिक वर्षे जगणारी जादूगारीण आहे, तिच्या लेखी दहा वर्षे म्हणजे काहीच नाही. चौघे मिळून उल्कांचा वर्षाव पाहतात, आणि पन्नास वर्षांनी तो पुन्हा होईल तेव्हा एकत्र पाहू असे ठरते. ती परत येते तेव्हा तिचा तरुण नायक हिम्मेल टक्कल पडलेला, पाठीत वाकलेला म्हातारा झालेला असतो. थोड्याच दिवसांत तो जातो. त्याच्या अंत्यविधीत तिला रडू कोसळते, दहा वर्षे बरोबर राहूनही आपण या माणसाला जाणून घेतले नाही म्हणून. हे सगळे पहिल्याच भागात. यात लढाई जवळजवळ नाही. घाई करणारा प्रेक्षक इथेच उठून गेला असता.

म्हणून २९ सप्टेंबर २०२३ रोजी, निप्पॉन टीव्हीवर शुक्रवारी रात्री ज्या वेळेत एरवी चित्रपट दाखवतात, त्या वेळेत पहिले चार भाग सलग दाखवले. दोन तासांचा खास कार्यक्रम. चौथ्या भागाच्या शेवटी कळते की फ्रीरेनला कुठे जायचे आहे आणि का : जिथे मृतांच्या आत्म्यांशी बोलता येते असे म्हणतात त्या ठिकाणी, हिम्मेलशी बोलायला. तिथे प्रवासाला दिशा मिळते. एका शितावर परीक्षा होणारच असेल तर निदान घासभर भात वाढू, असा हा विचार असावा. पुढे सलग दोन कूर मिळून २८ भाग झाले आणि शेवटपर्यंत चित्रांचा दर्जा टिकला. घरातल्या आजी-आजोबांनीही नातवंडांबरोबर पाहावी अशी ही मालिका आहे, थोडीफार मारामारी सोडल्यास.

मग नवी मालिका निवडताना पाहावे काय? आधी भाग किती आहेत ते पाहा, म्हणजे परीक्षेच्या महिन्यात किती संध्याकाळी जातील त्याचा हिशेब लागतो. मालिका कोणत्या चित्रकथेवर, म्हणजे मांगावर, बेतली आहे आणि ती चित्रकथा पूर्ण झाली आहे का, हेही पाहा. मांगा अपुरी असेल तर बारावा भाग बहुधा भर रस्त्यात सोडून देतो, कारण पुढचे तुम्ही पुस्तक घेऊन वाचावे हाच प्रकाशकाचा हेतू असतो. पालकांनी पहिल्याऐवजी तिसरा आणि एखादा मधला भाग पाहावा. वयोगटाची खूण मालिकेच्या नावाजवळच दिलेली असते, ती वाचायला अर्धे मिनिट लागते.

आणि शेवटचे गाणे सुरू झाले की लगेच पुढचा भाग लावू नका. त्या दीड मिनिटात नावांची यादी सरकत असते. चित्रांवर अखेरचा हात फिरवून ती एकसारखी करणाऱ्याला 'साकुगा कांतोकु' म्हणतात. यादी जपानी लिपीत असल्याने नावे वाचता येणार नाहीत, पण ओळी मोजता येतात. पहिल्या भागात त्या कामाखाली एक-दोनच नावे असतात. नवव्या-दहाव्या भागात तिथेच दहा-पंधरा नावे दिसली, तर समजा की त्या आठवड्यात स्टुडिओत कोणी झोपले नव्हते. ही सारी धावपळ आतून पाहायची असेल त्यांच्यासाठी 'शिरोबाको' नावाची २४ भागांची मालिका आहे, ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झालेली. ॲनिमे बनवणाऱ्या स्टुडिओचीच ती गोष्ट आहे, आणि तिच्या पहिल्या भागात एकीकडे पहिला भाग प्रसारित झाल्याचा आनंद, तर दुसरीकडे चौथा भाग अजून पुरा व्हायचा आहे.