गव्हाच्या वेषातील तण

मार्गशीर्ष महिन्यात पंजाब किंवा हरियाणातील गव्हाच्या शेताकडे बांधावरून पाहिले, तर सर्वत्र एकच पीक उभे असल्याचा भास होतो. तो भासच होय. कारण त्या हिरव्या ओळींत गव्हासारखेच दिसणारे दुसरे एक तृण वाढत असते. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास फॅलॅरिस मायनर म्हणतात. हरियाणात ते मंडूसी या नावाने, तर पंजाबात गुल्ली-डंडा या नावाने ओळखले जाते. आपल्याकडील विटी-दांडूचेच हे उत्तरेकडील नाव. बारीक दांड्यावर बसलेले त्याचे आखूड, जाड कणीस पाहिले म्हणजे ते किती समर्पक आहे हे ध्यानी येते.

परंतु कणीस दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. तोवर या तणाने गव्हाच्या वाट्याचे खत, पाणी व प्रकाश बळकावलेला असतो. शिवाय त्याचे बी गव्हाच्या कापणीपूर्वीच जमिनीवर गळते व पुढील वर्षाची तरतूद करून ठेवते. तणनाशक फवारण्याचा योग्य काळ पेरणीनंतर सुमारे एक महिन्याचा. म्हणून ओळख पटवावयाची ती रोप कोवळे असतानाच, आणि त्यासाठी शेतात बसावे लागते. उभ्याने ते काम होत नाही.

पहिली खूण बुंध्याशी सापडते. मंडूसीचा बुंधा जमिनीलगत तांबूस असतो, व रोप तेथे मोडले असता लालसर रस दिसतो. गव्हाचा बुंधा हिरवट-पांढरा असतो. दुसरी खूण पाते खोडास मिळते त्या सांध्यापाशी पाहावी. गव्हाला तेथे खोडास कवटाळणारे दोन इवलेसे, केसाळ कान असतात. मंडूसीला ते नसतात. उलट सांध्यावरील पातळ, पारदर्शक पडदा, ज्यास जिव्हिका म्हणतात, तो मंडूसीत अधिक लांब असतो. त्याच शेतात उगवणाऱ्या रानटी ओटासही कान नसतात, मात्र त्याचे पाते गव्हाच्या उलट दिशेने पीळ घेते.

हे तण मूळचे भूमध्य समुद्राच्या परिसरातील. १९६० नंतरच्या दशकात बुटक्या गव्हाच्या जाती आल्या, खत-पाणी मुबलक झाले आणि पुढे भातामागून गहू हा क्रम रूढ झाला. ओलसर, थंड जमिनीत मंडूसीचे फावले. आयसोप्रोट्युरॉन या औषधाने ती काही वर्षे आटोक्यात राहिली. १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी मात्र हरियाणात ते निष्प्रभ ठरू लागले. गहू हे विष आपल्या शरीरातच मोडून टाकतो, म्हणून तो वाचतो. प्रतिकारक मंडूसीतही हीच शक्ती आढळली. रूपाने गव्हासारखे असणारे तण आता पचनशक्तीनेही गव्हासारखे झाले होते! पुढे आलेल्या नव्या औषधांपैकी काहींनाही ते जुमानीनासे झाले.

यामुळे केवळ फवारणीवर विसंबता येत नाही. भाताच्या कापणीनंतर नांगरट न करता गहू पेरला, तर जमीन कमी ढवळली जाते व मंडूसी कमी उगवते. मधून एखाद्या वर्षी बरसीमसारखा चारा घेतल्यास वारंवार होणाऱ्या कापणीत तिला बी धरण्यास अवसर मिळत नाही. एवढ्यावरही जी रोपे उरतील, ती माघ-फाल्गुनात कणीस दिसताच, बी पिकण्यापूर्वी, हाताने उपटून शेताबाहेर न्यावी लागतात.