लोसारची कढई

स्वेटरचा हंगाम आटोपला की गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत माणसं दिसू लागतात. हिवाळाभर बरीच घरं कुलूपबंद असतात, कारण कर्ती मंडळी गावोगावच्या बाजारात गरम कपड्यांची दुकानं थाटून बसलेली. ती परतली, व्यापाऱ्यांचे हिशेब मिटले, की लगेच मैद्याची पोती आणि तेलाचे डबे घराघरात उतरतात. लोसार, म्हणजे तिबेटी नवं वर्ष, जवळ आलेलं असतं.

वसाहतीचं नाव नोर्ग्येलिंग. 1972 मध्ये ती वसली, तेव्हा अर्जुनी मोरगाव तालुका भंडारा जिल्ह्यात होता. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण निर्वासित तिबेटींच्या दफ्तरी ही वसाहत अजून ‘भंडारा’च आहे. आसपासची माणसं नुसतं ‘कॅम्प’ म्हणतात. थंड पठारावरून आलेल्यांनी इटियाडोह धरणाच्या परिसरात, धानाच्या मुलखात संसार मांडला. इथला मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांनाच या वाक्याचं वजन कळेल.

2025 च्या फेब्रुवारीत मी खप्से तळण्याच्या कामाला बसलो होतो. खप्से हा लोसारचा मुख्य जिन्नस, आणि तो एकट्यादुकट्यानं होत नाही. आज या घरी, उद्या त्या घरी, अशा पाळ्या लागतात. मैद्यात लोणी, दूध, साखर घालून पीठ घट्ट मळायचं, ओल्या फडक्याखाली मुरत ठेवायचं. मळणं पुरुषांकडे, कारण एका वेळचं पीठ परातभर नसतं, घमेलंभर असतं. आकार देणं बायकांकडे. छोट्या खप्स्यांसाठी पट्टी लाटून मधोमध चीर द्यायची आणि एक टोक चिरेतून ओढून घ्यायचं. ते पोरंही करतात. खरी परीक्षा ‘बुंगु आमचो’ची. गाढवाच्या कानासारखे हातभर लांब, पोकळ खप्से. लांबट पोळी लाटायची, कडा आत वळवायच्या, टोकं दाबायची आणि दोघांनी उचलून अलगद तेलात सोडायची. तेलात पडताच पीठ सरळ व्हायला बघतं. तेवढ्यात झाऱ्यानं आणि काठीनं दाबून आकार धरून ठेवला, तर कान. नाही तर नुसती फताडी पुरी.

कढईशी घरातल्या थोरल्या बाई बसल्या होत्या. सगळे त्यांना आमा-ला म्हणत, मीही म्हणू लागलो. लाकडं पुढे-मागे सरकवायला गोठणगावची एक बाई होती. वर्षानुवर्षं यायची, त्यामुळे तिचा अधिकार आमा-लांवरही चाले. “आंच कमी करा जी, बाहेरून लाल अन् आतून कच्चं राहीन,” ती म्हणाली, आणि आमा-लांनी मुकाट एक लाकूड ओढून घेतलं. यामागे चवीपेक्षा टिकण्याचा हिशेब आहे. खप्से महिनाभर डब्यात राहायचे. आत ओल राहिली की बुरशी आली. म्हणून मंद तेलात, सावकाश, बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळायचं. दुपारी कढईशेजारी बसवत नाही, म्हणून काम पहाटे सुरू होतं आणि ऊन चढलं की सुस्तावतं. तिबेटात हे काम ऊब देत असेल, गोंदियात घाम काढतं.

तळलेले कान देव्हाऱ्यापुढे एकमेकांवर आडवे-उभे रचतात. त्यावर सुकं चीज, गोळ्या, फळं. शेजारी दोन कप्प्यांची लाकडी पेटी, चेमार. एका कप्प्यात लोणी घातलेलं सत्तूचं पीठ, दुसऱ्यात भाजलेलं धान्य. येणाऱ्यानं चिमूट घेऊन तीनदा वर उडवायची आणि ‘टाशी देलेक’ म्हणायचं. छांग, म्हणजे घरी आंबवलेलं मद्य, जवाची असते असं पुस्तकात वाचलं होतं. या घरात ती तांदळाची होती, आणि धानाच्या जिल्ह्यात दुसरं काय असणार?

नागपूरला मित्राला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न, “चिनी नववर्ष ना?” ते 29 जानेवारीलाच होऊन गेलं होतं. लोसार आला 28 फेब्रुवारीला. 2024 मध्ये मात्र दोन्ही सण 10 फेब्रुवारीलाच होते, त्यामुळे गोंधळ होणारच. साप, घोडा अशी बारा प्राण्यांची वर्षं तिबेटनं चीनकडून घेतली. तिथी मात्र आपल्याकडून, कालचक्र तंत्राबरोबर गेल्या, क्षय आणि वृद्धीसकट. त्यांचं साठ वर्षांचं चक्र 1027 पासून मोजतात, आणि ते आपल्या संवत्सरांच्या बरोबरीनं चालतं. 2025 हे त्यांच्या चालू चक्रातलं एकोणचाळिसावं वर्ष, आणि त्याच वर्षीच्या पाडव्याला लागलेला विश्वावसू हाही एकोणचाळिसावाच. माझ्या मते ‘चिनी’ म्हणून मोकळं होणं हा निव्वळ आळस आहे.

तिथीचा प्रत्यय 26 फेब्रुवारीला आला. महाशिवरात्र, माघ वद्य चतुर्दशी. इथल्याच प्रतापगडाच्या वाटेवर माणसांची रीघ होती. त्या डोंगरावर महादेवही आहे आणि दर्गाही. तिबेटी पंचांगात ही सरत्या वर्षाच्या शेवटच्या महिन्याची एकोणतिसावी तिथी, गुथुकची रात्र. महिने जुळले तर दोन्ही एकत्र येतात, कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. गुथुक म्हणजे नऊ जिनसांचं दाट सूप. प्रत्येकाच्या वाडग्यात पिठाचा एक मोठा गोळा असतो, तो फोडायचा. आत मिरची निघाली तर माणूस बडबड्या, लोकर निघाली तर मायाळू, कोळसा निघाला तर मनाचा काळा. माझ्या गोळ्यात मिरची निघाली आणि कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. मग पिठाचे तुकडे दुखऱ्या अंगाला लावून पिठाच्या बाहुलीजवळ टाकतात, आणि पेटते पलिते नाचवत ‘थोन्शो मा’ असं ओरडत ती बाहुली चौकात टाकून येतात. निघून जा, असा दटावणीचा सूर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत काढणाऱ्या विदर्भाला हा विधी समजावून सांगावा लागत नाही. सरपणवाली बाई दारातच उभी राहून बघत होती, आणि बाहुली गेल्यावर तिनंही हात जोडले.

प्रत्येक लोसार असा झालेला नाही. तिबेटमधल्या दडपशाहीच्या निषेधार्थ 2009 आणि 2012 मध्ये निर्वासित तिबेटींनी मेजवान्या टाळून फक्त पूजाअर्चा केली.

लोसारचा पहिला दिवस घरचा आणि मठाचा. तिसऱ्या दिवशी धूप जाळून जुन्या पताका उतरवतात, नव्या बांधतात. पाहुण्यानं जावं ते शक्यतो त्या दिवशी. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर अर्जुनी स्टेशन आहे, पुढचा रस्ता गोठणगावचा. भारतीयांना वसाहतीत जायला परवाना लागत नाही. परदेशी पाहुणा सोबत असेल तर मात्र त्याचा केंद्रीय गृहमंत्रालयाचा परवाना आधीच काढून ठेवा.