शूटिंगचा वार गुरुवार

पिंपरी-भोसरीत एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. स्वतःच्या पैशांनी सिनेमा करू पाहणाऱ्याने शूटिंगचा वार इथूनच ठरवावा, कारण या पट्ट्यात कॅमेऱ्याच्या आधी प्रश्न येतो तो आवाजाचा. प्रेसचा ठोका, कॉम्प्रेसरची घरघर, चाकणला नाशिक रस्त्यावरचे कंटेनर. प्रत्येक जागी संवाद संपले की सगळ्यांना गप्प उभं करून मिनिटभर नुसता तिथला आवाज टिपून घ्यावा. संकलनात दोन वाक्यांमधला सांधा तोच झाकतो. डबिंगने ही जान येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे यांनी 'ख्वाडा' हा सिनेमा असाच जागेवरच्या आवाजात केला. पैशांसाठी जमीन विकली आणि मेंढपाळ कुटुंबाची गोष्ट माळरानावर जाऊन चित्रित केली. ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचाही. २०१५ मध्ये तो थिएटरात आला. अजून पाहिला नसेल, तर चांगले हेडफोन लावून जरूर पाहा.