सीताफळाची छाटणी
झाडास आकार देण्यासाठी व फळधारणा सुधारण्यासाठी सीताफळाच्या फांद्या कापण्याच्या क्रियेस सीताफळाची छाटणी म्हणतात. बालाघाट डोंगररांगेतील धाराशिव जिल्ह्यात हे झाड डोंगरउतारांवर, बांधांवर व परसबागेत आढळते. सीताफळ पानझडी असल्यामुळे पानगळीनंतर, नवी पालवी फुटण्यापूर्वीचा विश्रांतीकाळ छाटणीस योग्य ठरतो. फुले प्रामुख्याने नव्या फुटीवर येतात. वाळलेल्या, रोगट व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढल्याने झाडात ऊन व हवा खेळते. काळी पडून झाडावरच सुकलेली फळे रोगाचा प्रसार करीत असल्याने तीही काढून नष्ट करतात. मोठ्या कापांवर बोर्डो मलम (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) लावतात. अतिरेकी छाटणीने मात्र उघड्या पडलेल्या खोडास उन्हाचा चटका बसतो आणि त्या हंगामातील फळे घटतात.