एका वाड्यात दोन बिऱ्हाडे



१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. दिवाळी तोंडावर आली होती, आणि त्या गडबडीत एक गोष्ट घडली तिची चाहूल आपल्याकडे फारशी कोणाला लागली नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली आणलेल्या 'विंडोज १०' या प्रणालीची नित्याची निगा त्या दिवशी थांबविली. घरगुती वापर करणाऱ्यांनी नोंदणी केल्यास आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची सवलत तिने ठेवली. पण तो निकाल नव्हे. तारीख वाढवून मिळाली इतकेच.

निगा थांबली म्हणजे संगणक बंद पडला असे नाही. दाराला कुलूप आहे, ते लागतेही. पण उद्या त्या कुलपाची चोरकिल्ली कोणी बनविली तर कुलूप बदलून देणारा येणार नाही, असा तिचा अर्थ. बरे, नवी 'विंडोज ११' घालावी म्हटले तर ती दारातच कागदपत्रे मागते. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची व्यवस्था हवी, सिक्युअर बूटची सोय हवी आणि प्रोसेसर साधारणपणे २०१८ किंवा त्यानंतरच्या पिढीचा हवा. झेरॉक्सच्या दुकानात, पतसंस्थेच्या मागच्या टेबलावर, शिकवणीच्या वर्गात जी यंत्रे वर्षानुवर्षे काम करीत आहेत त्यांतील पुष्कळ या अटींत बसत नाहीत. यंत्र चालते आहे. परंतु नियमात बसत नाही म्हणून ते म्हातारे ठरले.

मग ते भंगारात घालावयाचे काय? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला, आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. त्या ढिगात आपल्याही यंत्राची भर घालण्यापूर्वी एक दुसरी वाट तपासून पाहावी, एवढेच मला सांगावयाचे आहे. ती वाट म्हणजे जुन्या संगणकावर, जुनी प्रणाली तशीच ठेवून, शेजारी दुसरी प्रणाली बसविणे.

प्रथम प्रणाली म्हणजे काय ते पाहू. संगणकाचा प्रोसेसर, त्याची स्मृती, डिस्क, पडदा, कळफलक ही सारी निरनिराळी माणसे आहेत. ती एकमेकांशी परस्पर बोलत नाहीत. कोणी केव्हा काम करावे, कोणाला किती जागा द्यावी, हे ठरविणारा एक कारभारी लागतो. त्यालाच ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज हा असा एक कारभारी आहे, एकमेव नव्हे.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली आपल्या संगणकासाठी अशा प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. त्याच्या आधी, १९८३ साली, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला होता. दोहोंची सांगड पडली, आणि आपण ज्याला लिनक्स म्हणतो ती प्रणाली उभी राहिली. ही प्रणाली कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी, अशी तिच्या परवान्यातच मुभा आहे. म्हणून तिचे अनेक अवतार झाले: डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही 'बॉस' नावाचा भारतीय अवतार २००७ साली प्रसिद्ध केला. मराठी मजकुरासाठी 'लोहित' नावाची अक्षरे बहुतेक ठिकाणी सहज मिळतात, आणि इनस्क्रिप्ट कळफलकही असतो. तेव्हा या बाजूला गेल्यावर आपली भाषा परकी होत नाही.

आता प्रश्न असा की, ही प्रणाली इतकी चांगली तर जुनी पुसूनच का टाकू नये? येथे मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

माझ्या थोरल्या बहिणीकडे दूध संकलन केंद्र आहे. काही वर्षांपूर्वी तिचा संगणक फार मंद झाला म्हणून मी मोठ्या उत्साहाने त्यावर लिनक्स बसवावयास गेलो. बसविताना पडद्यावर दोन पर्याय येतात. एक, विंडोजच्या शेजारी बसवा. दुसरा, डिस्क पुसून बसवा. बोलण्याच्या नादात मी दुसरा दाबला. खात्री आहे का, असे यंत्राने विचारले. मी होय म्हटले. वीस मिनिटांनी यंत्र झकास चालू लागले, आणि दीड वर्षाचा दुधाचा हिशेब नाहीसा झालेला होता. नक्कल कोठेही नव्हती.

तो हिशेब पुन्हा उभा राहिला तो गवळ्यांच्या घरातील दुधाच्या कार्डांवरून. एकेक जण आपले कार्ड घेऊन आला आणि अकरा रात्री आम्ही दोघे लिहीत बसलो. एकाचे कार्ड हरवले होते. त्याने आकडा तोंडी सांगितला, आणि बहिणीने त्याच्या शब्दावर पैसे दिले. मला ती काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून आहे: यंत्र आपले असते, प्रणाली दुसऱ्याने लिहिलेली असते, आणि या दोहोंपेक्षा मोलाचा असतो तो आत साठविलेला मजकूर. तो गेला तर बाजारात विकत मिळत नाही.

म्हणून मी 'दुसरी प्रणाली' म्हणतो, 'बदली प्रणाली' म्हणत नाही. जुन्या वाड्यात मालक राहतो आणि चौकाच्या पलीकडे एक बिऱ्हाड ठेवतो, तसे हे आहे. वाडा एक, देवडी एक. मध्ये एक भिंत. देवडीवर विचारणा होते, कोणाकडे जावयाचे? संगणक सुरू करताच यादी दिसते, एका ओळीत लिनक्स, दुसऱ्या ओळीत विंडोज. आपण बाण हलवून निवडावयाचे. या देवडीवाल्याचे नाव ग्रब. एका वेळी एकाच बिऱ्हाडात दिवा लागतो. दुसरीकडे जावयाचे तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

या व्यवस्थेचा खरा लाभ कामाच्या वाटणीत आहे. हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर, एखादा हट्टी प्रिंटर, डिजिटल सहीची किल्ली, यांना पुष्कळदा विंडोजच लागते. ती कामे तेथेच, आणि शक्य तेवढी इंटरनेट तोडून करावी. बँक, टपाल, मुलांचा अभ्यास, सरकारी अर्ज, म्हणजे ज्या कामांत बाहेरच्या जगाशी संबंध येतो ती, नित्य दुरुस्त होणाऱ्या लिनक्सवर करावी.

आता प्रत्यक्ष कृती. पहिली पायरी, नक्कल. फोटो, हिशेब, दाखले, पत्रे, सारे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे, आणि ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली नक्कल ही नक्कल नव्हे.

दुसरी पायरी, यंत्राची तपासणी. लिनक्स मिंटचे कर्तेच सांगतात की किमान २ जीबी स्मृती लागते, ४ असल्यास सुखाने चालते; डिस्कवर २० जीबी जागा लागते, १०० असल्यास उत्तम. यंत्र त्याहून अशक्त असेल तर लुबुंटूसारखा हलका अवतार घ्यावा.

तिसरी पायरी, विंडोजमधील तयारी. तेथे 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. ती चालू असताना विंडोज पुरते बंद होत नाही, एक डोळा उघडा ठेवून झोपते. अशा वेळी शेजाऱ्याने तिच्या खोलीत सामान हलविले तर गोंधळ होतो. ती सोय बंद करावी. बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची किल्ली कागदावर लिहून घ्यावी आणि ते कुलूप काढावे. मग विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट'मधून तिचा हिस्सा थोडा आखडून रिकामी जागा काढावी. मालकाने आपल्या हाताने खोली मोकळी करून देणे केव्हाही बरे.

चौथी पायरी, पेन ड्राइव्ह. ८ जीबीचा पुरतो. त्यावरील जुने सारे पुसले जाते हे ध्यानात असावे. मिंटच्या मूळ संकेतस्थळावरून फाइल उतरवावी आणि रूफस किंवा बलेना एचर या साधनाने ती पेन ड्राइव्हवर चढवावी. संगणक सुरू करताना एफ १२, एफ ९, एफ २ किंवा एस्केप, यांपैकी यंत्राप्रमाणे जी कळ असेल ती दाबून पेन ड्राइव्हवरून सुरुवात करावी.

येथे एक मोठी सोय आहे. लगेच काहीच बसवावे लागत नाही. नवी प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच चालते, डिस्कला धक्का न लावता. वायफाय लागतो का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे तासभर पाहावे. न जमल्यास पेन ड्राइव्ह काढून घ्यावा. यंत्र होते तसे आहे. बिऱ्हाडकरू ठेवण्यापूर्वी त्याला दोन दिवस पाहुणा म्हणून ठेवण्याची ही संधी कोणी दवडू नये.

पाचवी पायरी, बसविणे. 'शेजारी बसवा' हा पर्याय निवडावा. आणि दाबण्यापूर्वी जवळच्या माणसाला ती ओळ मोठ्याने वाचावयास सांगावे. ही सूचना मला अकरा रात्रींनी शिकविली आहे. दोन्ही प्रणाली घालावयाच्या तर विंडोज आधी आणि लिनक्स नंतर हा क्रम ठेवावा. नंतर आलेली विंडोज देवडीवर आपलाच माणूस बसविते आणि शेजाऱ्याचे नाव यादीतून जाते.

सारे झाल्यावर एक गंमत दिसेल. विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे! यंत्र बिघडले नाही. यंत्राच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवते, आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून हा फरक. लिनक्समध्ये एक आज्ञा देऊन तिला स्थानिक वेळ पाळावयास लावता येते. दुसरे असे की, लिनक्सला विंडोजच्या खोलीतील कागद वाचता येतात, उलट मात्र सहसा होत नाही. म्हणून दोघांना लागणारे कागद विंडोजच्या बाजूस ठेवावे.

कोणाची फसगत होऊ नये म्हणून हेही सांगतो की, प्रणाली बदलली म्हणजे बैलगाडीची मोटार होत नाही. आजची संकेतस्थळेच जड झाली आहेत. जुनी फिरती डिस्क काढून तेथे एसएसडी बसविली, स्मृती थोडी वाढविली, तर जो फरक पडतो तो केवळ प्रणालीने पडत नाही.

हे तज्ज्ञांचे काम आहे असे समजून कोणी दूर राहू नये. इथून जवळच पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम उभारला तो हाताने काम करीत विज्ञान शिकावे या विचाराने. त्या परिसरातले आपण, एका पेन ड्राइव्हला भिण्याचे कारण नाही. गल्लीत एकाला जमले तर दहा घरांचे काम होते. मात्र त्या एकाने शेजाऱ्याच्या यंत्राला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: नक्कल कोठे आहे?

बहिणीच्या संगणकावर आज दोन बिऱ्हाडे सुखाने नांदत आहेत. दर दहा दिवसांनी दुधाची बिले निघाली की ती नक्कल काढते. आणि मी यंत्रापाशी बसलो की आधी तो पेन ड्राइव्ह माझ्यासमोर ठेवते, मग चहा ठेवते. तो क्रम बरोबर आहे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.